सिनेमात नसलेला चहा

ते प्रकरण आजही आठवते, आणि आठवले की राग येतो. निवृत्त माणसाने शांत राहावे, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी, असे घरात रोज ऐकतो. गोळी घेतो, राग काही जात नाही. त्यात आता त्या प्रकरणावर एक हिंदी सिनेमा निघाला. 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी त्याच्या सुरुवातीलाच आहे. वर्ध्याच्या टॉकीजमध्ये तो पाहून आलो आणि लिहायला बसलो. नाव कुणाचेच लिहिणार नाही. पोलीस ठाण्याचेही लिहिणार नाही, कारण ही खोड एकाच ठाण्याची नव्हती.

सिनेमात एका ढाब्यावरच्या निरपराध स्वयंपाक्याला खुनाच्या आरोपात पकडतात. मिशाळ इन्स्पेक्टर त्याला उलटा टांगून पट्ट्याने फोडून काढतो. मध्यंतरानंतर काळा चष्मा लावलेला दुसरा अधिकारी येतो आणि त्याला सोडवतो. तो काळा चष्मेवाला म्हणजे मी. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे दिवस सोडले तर मी आयुष्यात काळा चष्मा लावलेला नाही. ते जाऊ द्या. पण त्या माणसाला ठाण्यात कोणी बोटसुद्धा लावले नव्हते. सगळे त्याच्याशी चांगले वागले आणि तरीही तो जन्मठेपेला गेला. ही गोष्ट मी सिनेमावाल्यांना माझ्या घरात बसवून, दोन दोनदा समजावून सांगितली होती. त्यांचा लेखक म्हणाला, "सर, मार नहीं पड़ी तो पब्लिक रोएगी कैसे?"

गुन्हा असा होता. वर्धा जिल्ह्यातून जाणाऱ्या नागपूर-अमरावती महामार्गावर, एका ढाब्यामागे, पोळ्याच्या संध्याकाळी सरकी-ढेपेच्या एका व्यापाऱ्याचा खून झाला. गाडी थांबवून तो मागच्या बाजूला हात-तोंड धुवायला गेला होता. कोणीतरी डोक्यात लोखंडी पाना घातला आणि बॅग घेऊन पळाला. व्यापाऱ्याचा ड्रायव्हर पान आणायला गेला होता. परत येताना त्याला अंधुक उजेडात भिंतीच्या कडेने पळणारा एक माणूस दिसला.

त्याच संध्याकाळी ढाब्यावरचा तंदूरवाला न सांगता निघून गेला होता. तो नाचणगावचा. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा पोळा होता आणि घरी लहान मुलगी लाकडी नंदीची वाट पाहत होती. मालकाने सणासुदीची गर्दी सांगून सुट्टी नाकारली, म्हणून हा मिळेल त्या ट्रकने नंदी काखेत मारून गावी गेला. पोलिसांच्या कागदावर त्याचे झाले 'गुन्हा घडताच फरार'. पथक पोहोचले तेव्हा तो अंगणात बसून नंदीच्या शिंगांना बेगड लावत होता. फरार आरोपी असा बसतो का, एवढा प्रश्न एकालाही पडला नाही.

मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होतो. आरोपी मिळाला, ड्रायव्हरने ओळख परेडमध्ये त्याला बरोबर ओळखले, सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. परेड कारागृहात, नायब तहसीलदारांसमोर, सारख्या अंगकाठीची माणसे ओळीत उभी करून, नियमाप्रमाणे झाली होती. तपासी अधिकाऱ्याला शाबासकी मिळाली. तो अधिकारी लाचखाऊ नव्हता, मारकुटाही नव्हता. दर शनिवारी उपास करणारा सरळ माणूस होता.

पुढे कित्येक वर्षांनी मी वर्ध्याला स्थानिक गुन्हे शाखेत आलो. महामार्गावर उभ्या ट्रकमधून डिझेल काढणारी टोळी तेव्हा जोरात होती. माझा एक खबरी रस्त्यावर पंक्चर काढायचा. एक दिवस तो डिझेलचोराचे नाव देता देता म्हणाला, "साहेब, हा माणूस साधा नाई. पेला की बडबड करते. म्हणते, माह्या नावची भाकर दुसराच खाऊन राह्यला जेलात."

"कोणत्या गुन्ह्यातली?"

"ते नाई सांगत. पण तो व्यापाऱ्याचा खून झाल्ता ना, त्या ढाब्यासमोरून जाताना तो मान फिरवते, येवढं मी पाह्यलं."

डिझेलचोराला उचलले. डिझेलचे त्याने लगेच कबूल केले, त्यात त्याला काही वाटत नव्हते. खुनाचे मी काढलेच नाही. माझी पद्धत अशी, की माणसाला पोटाबद्दल बोलू द्यावे. खाण्याबद्दल बोलताना माणूस सावध राहत नाही. कारंजापासून पुढे कोणत्या ढाब्यावर काय चांगले मिळते, अशा गप्पा आम्ही मारत बसलो. तोही रंगला.

"त्या ढाब्यावरची तंदुरी पहिले लय चांगली होती, साहेब," तो म्हणाला. "तो बिचारा गेला अन् चव गेली."

"बिचारा कोण? आणि गेला कुठे?"

मी जेवण मागवले, त्याने ताटाला हात लावला नाही. शेवटी भिंतीकडे पाहत म्हणाला, "मले मारून टाकायचं नव्हतं. तो ओरडला, म्हून पाना बसला."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. मात्र आरोपीने दाखवलेल्या जागेतून वस्तू निघाली, तर ती चालते. बॅगेतला चाव्यांचा जुडगा त्याने ढाब्यामागच्या पडक्या विहिरीत फेकला होता. दोन सरकारी कर्मचारी पंच म्हणून घेतले, मोटार लावून विहीर उपसली आणि गाळातून जुडगा निघाला. लोखंडी चाव्यांचे गंजून गोळे झाले होते, पण एक पितळी चावी शाबूत होती. व्यापाऱ्याच्या मुलाला बोलावले. चावी रॉकेलने पुसून पंचांसमक्ष त्यांच्या दुकानातल्या जुन्या तिजोरीला लावली. तिजोरी उघडली.

मुलगा खाली बसला. म्हणाला, "माझी आई मरेपर्यंत त्या तंदूरवाल्याच्या नावानं बोटं मोडत होती, साहेब. आता काय करू मी?"

माझ्यासमोर वेगळाच प्रश्न होता. ड्रायव्हरने परेडमध्ये तंदूरवाल्याला ओळखले कसे? विकत घेतलेला साक्षीदार असता तर गोष्ट सोपी होती, पण तसे कुठेच दिसत नव्हते. म्हणून मी त्याला भेटायला गेलो. तो आता वर्ध्याजवळ सावंगीत विद्यार्थ्यांची बस चालवत होता. गाडी पुसता पुसताच बोलला, लपवण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हतेच.

"पळणाऱ्याचा चेहरा दिसला होता का तुम्हाला?"

"पुरा नाई दिसला. पाठ दिसली, थोडा गाल दिसला."

"मग परेडमध्ये कसे ओळखले?"

"त्याले तर मी ओळखतच होतो ना साहेब. ठाण्यात जबानीले गेलतो तेव्हा त्याच्याच हातचा चहा पेलो होतो. परेडीत सगळे अनोळखी, हा एकच पाहेल चेहरा. मले वाटलं, जो पाहेल आहे तो दाखवायचा असते."

बोलता बोलता त्याचा हात थांबला. फडके तसेच काचेवर राहिले. "साहेब," तो हळू म्हणाला, "मी काही चुकलो का?"

तो चुकला नव्हता. चुकली आमची सवय. ठाण्यातला रिवाज सांगतो, बाहेरच्यांना माहीत नसतो. कोठडीत एखादा गरीब, पळून न जाणारा माणूस आला की त्याच्याकडून पाणी भरून घ्यायचे, ओटा झाडून घ्यायचा. हा तर स्वयंपाकी. सणाच्या दिवसांत समोरची टपरी बंद होती. याने चहा केला आणि सगळ्या ठाण्याने नावाजला. मग रोज तोच चहा करू लागला. ज्याचा चेहरा परेड होईपर्यंत कापडाखाली झाकून ठेवायचा, तो ट्रे घेऊन ठाणेभर फिरत होता. फिर्यादी, साक्षीदार, पंच, सगळ्यांना वाकून कप देत होता.

बचावाच्या वकिलाने ड्रायव्हरला उलटतपासणीत विचारले होते, की परेडीआधी पोलिसांनी तुम्हाला आरोपी दाखवला होता का. ड्रायव्हर नाही म्हणाला, आणि त्याच्या समजुतीने ते खरेच होते. आरोपीच्या हातचा चहा घेतला होता का, हे विचारायचे कोणत्या वकिलाला सुचणार?

तंदूरवाल्याला मी कारागृहात भेटलो. विचारले, ज्या साक्षीदाराने तुला ओळखले, त्याला तू ठाण्यात चहा दिला होतास, हे कोर्टात का नाही सांगितले? तो गोंधळला. "ट्रे धरणारा कपाकडे पाहते साहेब, तोंडाकडे नाई पाहत," म्हणाला. "अन् कोठडीतून बाहेर काढत होते, तेच मले चांगलं वाटे. पोलीस मले भले वाटले."

माझा खरा संताप इथून सुरू होतो. मी अहवाल घेऊन वरिष्ठांकडे गेलो, तर ते म्हणाले, "शिक्षा झालेला गुन्हा आहे. आपल्या खात्याचे यश आहे. उकरून काय मिळणार?" काय मिळणार! एक माणूस मिळणार होता, जिवंत. मी लेखी मागणी केली. उत्तर नाही. पुन्हा केली, तर बदलीची भाषा आली. त्याचे अपील नागपूरला उच्च न्यायालयात पडून होते, म्हणून शेवटी सरकारी वकिलांच्या दारात जाऊन बसलो. ते भले गृहस्थ निघाले. जुडगा, खरा आरोपी, ड्रायव्हरचा नवा जबाब, सगळे न्यायालयापुढे आले आणि तो सुटला. सिनेमात या ठिकाणी गावकरी त्याला खांद्यावर घेतात, ढोल वाजतात. प्रत्यक्षात तो नाचणगावजवळच्या पुलगावच्या स्टँडवर एकटा उतरला. घरी गेला तेव्हा नंदीची वाट पाहणारी मुलगी नर्सिंग शिकत होती. तिने त्याला ट्रेमध्ये चहा आणून दिला, पाहुण्याला देतात तसा. हे त्याने मला सांगितले तेव्हा तो हसत होता, आणि मला ते हसणे पाहवले नाही.

सिनेमा लागल्यावर लोक त्याच्या घरी येऊ लागले. फोटो काढत, आणि पाठ दाखव म्हणत. पाठीवर वळ नाहीत हे पाहून एकाने तोंडावर विचारले, "मारलंच नाई, तर मंग आत काऊन गेलता?" म्हणजे आता सिनेमाने त्याच्यामागे नवा संशय लावून दिला. टॉकीजमध्ये तो माझ्या शेजारीच बसला होता. पडद्यावर त्याला पट्ट्याने मारत होते आणि मागच्या रांगेत बायका रडत होत्या. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, यात चहा नाई." मी म्हणालो, नाही.

मग सत्काराची टूम निघाली. सिनेमा गाजला, तेव्हा त्याच ठाण्यात आम्हा दोघांना बोलावले. तरुण ठाणेदार, नव्या रंगाची इमारत, भिंतीवर कॅमेरे. आम्हाला शाल-श्रीफळ दिले. जुन्या चुका आता होत नाहीत, असे ठाणेदार भाषणात म्हणाले. मग म्हणाले, चहा घेऊन जा.

चहा आला. ट्रे धरणारा माणूस तिशीतला, दाढी वाढलेला, अनवाणी. दाराबाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती, तिला त्याने आधी कप दिला आणि मग आमच्याकडे वळला.

"हा कोण?" मी विचारले.

"घरफोडीत कालच आणला, सर," ठाणेदार सहज म्हणाले. "गरीब आहे, पळणार नाही. चहा मात्र झकास करतो."

"आणि त्या बाई?"

"त्यांच्याच घरची घरफोडी. चोराला पळताना पाहिलंय त्यांनी."

मी तोंड उघडायच्या आत तंदूरवाला उठला. त्याने त्या माणसाच्या हातातला ट्रे काढून टेबलावर ठेवला. अंगावरची सत्काराची शाल काढली, त्याच्या डोक्यावरून घेतली आणि पुढून नीट गळ्यापर्यंत ओढली. मग बाईकडे वळून हात जोडले. "बाई, तिकडं पाहा. याच्याकडं पाहू नका."

त्यानंतर मी त्या खोलीत काय काय बोललो, ते छापण्यासारखे नाही. सिनेमावाल्यांना हवा होता तसा मी त्या दिवशी दिसलो असेन. ठाणेदार लालबुंद झाले, पण त्यांना अजूनही समजत नव्हते, की मी एका चहावरून इतका का भडकलो. त्यांनी सिनेमा पाहिला होता ना. त्यात मारणारा वाईट होता आणि हे तर कुणाला मारत नव्हते.

नोकरीत मी मारकुटे अधिकारी पाहिले. त्यांच्यावर तक्रार करता येते, चौकशी लावता येते. आपण भले आहोत अशी खात्री असलेल्या माणसाची तक्रार कुठे करायची, हे मला अजून सापडलेले नाही. या प्रकरणाने मला शिकवले असेल तर एवढेच, आणि ते शिकून माझा राग कमी झालेला नाही.

चहा तसाच सोडून आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर लक्षात आले, की तंदूरवाल्याची शाल आतच राहिली. मी गाडी वळवायला सांगणार, तेवढ्यात त्याने माझा हात धरला.

"राहू द्या साहेब," तो म्हणाला. "परेड होईपर्यंत त्याच्या तोंडावर राहिली म्हणजे झालं."