तोंतों वॉट आणि चाळीसची नळी

वस्तूवर छापलेला आकडा तोंतोंला कधी खरा वाटलाच नाही. बल्ब घ्या, इस्त्री घ्या, पाण्याचा पंप घ्या. हा माणूस आधी मोजणार, मग वापरणार. काकाला आमच्या बेटावर क्रिओल बोलीत तोंतों म्हणतात, म्हणून बो बासें गावातल्या आमच्या कारखान्यात त्याचं नाव पडलं तोंतों वॉट. नावावर स्वारी खूश होती. फ्रान्सला शिकून आला होता आणि ते कुणाला विसरूही देत नसे.

एकोणीसशे ऐंशीनंतर पात्रोंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, किरणानं लाकडावर कोरणारं लेसर यंत्र आणलं. मी तिथं अक्षरांचे साचे कापायची. यंत्राचा सगळा जीव एका लांब काचेच्या नळीत, आणि नळीवर छापलेलं: चाळीस वॉट. तोंतों नुसता हसला. तांब्याचा एक काळा केलेला ठोकळा त्यानं किरणाच्या वाटेत ठेवला, तो किती तापतो ते थर्मामीटरवर पाहिलं आणि म्हणाला, "तीस. जास्त करंट लावलात तर चाळीसही देईल बिचारी, पण आपलं आयुष्य जाळून देईल."

मी तर तोंडात बोट घातलं. तो किरण डोळ्यांना दिसतसुद्धा नाही, आणि हा गडी त्याची ताकद दूध मोजावं तशी मोजून मोकळा!

मग ब्रीझे वेर्दिएरच्या देवळाचं काम आलं. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, जहाजातून आलेल्या आपल्या पहिल्या माणसांची नावं फणसाच्या फळीवर कोरायची होती. तोंतोंची आई त्याच गावची. तो तिला आये म्हणायचा. तिचे डोळे गेलेले, तिनं अंथरूण धरलेलं, आणि फळीवर तिच्या बापाचं नाव येणार होतं. तिच्या बोटांना लागेल इतकं खोल कोरायचं, एवढाच तोंतोंचा हट्ट होता.

निम्मी फळी झाली आणि दसरा आला. यंत्राची पूजा दरवर्षी तोंतोंच करायचा. नारळ फोडला, फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, अक्षरं नखानं ओरखडल्यासारखी उथळ. पात्रों म्हणाले, नळी थकली, करंट वाढवा. पण नळी गेली तर बेटावर दुसरी नव्हती. परदेशातून यायला महिने लागले असते, आणि आयेकडं महिने नव्हते.

तोंतोंनं ठोकळा काढला. नळीच्या तोंडाशी मोजलं: तीसच. मग किरण लाकडाकडं वळवणाऱ्या आरशाच्या पुढं, लाकूड ठेवतात तिथं मोजलं. निम्मंच भरलं. आरशावरचं झाकण त्यानं उघडलं. आत, बरोबर मधोमध, कुंकवाचं बोट जळून काळं झालेलं.

पूजा कुणी केली ते सगळ्यांना माहीत होतं. शिकलेला, मानी माणूस. एका फडक्यानं ते पुसून टाकलं असतं तर पात्रोंना पत्ताही लागला नसता. पण तो सगळ्यांना घेऊन पात्रोंपुढं उभा राहिला आणि म्हणाला, "नळीचा दोष नाही. बोट माझं. पूजेला झाकण उघडून, देवाच्या कपाळाला लावावं तसं आरशाला लावलं."

तोंतों जाऊन आता कितीतरी वर्षं झाली, पण असा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

स्पिरिटनं पुसूनही आरशावर थोडा डाग राहिलाच. म्हणून करंट न वाढवता, एकेका अक्षरावरून पुन्हा पुन्हा किरण फिरवत त्यानं फळी पुरी केली. पात्रों घाई करायला लागले की शांतपणे म्हणायचा, "पा प्रेसे." घाई नको.

फळी देवळात लावायच्या आधी आम्ही ती आयेच्या खाटेवर नेऊन ठेवली. तिला लिहितावाचता येत नव्हतं. डोळे होते तेव्हाही बापाचं नाव तिनं कधी वाचलेलं नव्हतं. तोंतोंनं तिचं बोट धरलं आणि एकेक अक्षर सांगत खाचेतून फिरवलं. ती म्हणाली, परत. त्यानं परत फिरवलं. मग तिनं त्याचा हात बाजूला सारला, चाचपत पहिलं अक्षर शोधलं, आणि बापाचं नाव एकटीनं वाचलं.