शेरू घरी येऊन गेला

भूत, भास, दृष्टान्त... यातलं मला काहीच पटत नाही. माझा जन्म गेला जनावरांना कापण्यात आणि शिवण्यात. आत काय असतं ते मी पाहिलंय. तरी हे लिहितोय.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होता आणि मी अमरावतीत गुरांच्या दवाखान्यात नवा डॉक्टर होतो. अंजनगाव सुर्जीहून नामदेव नावाचा एक फुलमाळी आपला कुत्रा गोणपाटात गुंडाळून घेऊन आला.

"पाय वर करून उभा राहते सायेब, पन थेंब पडत नाई. आमाले लेकरू नाई... हा शेरूच हाये."

मूत्रनळीत खडा अडकला होता. रबरी नळी आत सरकेना. उपाय एकच — खड्याच्या मागे मूत्रनळी उघडायची, तिची कड कातडीला शिवायची, लघवीला कायमची नवी वाट करून द्यायची. हे मी फक्त वाचलं होतं. केलं कधीच नव्हतं.

त्याच दुपारी क्लोरोफॉर्म दिला. मागच्या पायांमधले केस भादरले, आयोडीन फासलं. टाके घालता घालता शेरूचा श्वास थांबला! जीभ बाहेर ओढली, बरगड्या दाबत राहिलो. नामदेव डोक्याशी उभा राहून नुसता "शेरू... ए शेरू" करत होता. मी आशा सोडली, आणि तेवढ्यात शेरूनं मोठा श्वास घेतला. शेवटचा टाका पडला न पडला तोच नव्या वाटेनं लघवी आली. नामदेव रडता रडता हसायला लागला.

जखम भरेपर्यंत दोघं दवाखान्यातच राहिले. नामदेवनं घरी निरोपसुद्धा धाडला नव्हता. मग मीच त्यांना मोटारीनं पोचवायला गेलो.

त्याची बायको, द्वारकाबाई, शेवंती तोडत होती. शेरू धावत गेला तसं तिनं त्याला उताणं केलं.

"आले का रे केस? त्या रोजी तर निरा चकोट होतं."

"कोणत्या रोजी?" मी विचारलं.

"हे तुमच्याकडे गेले त्याच रोजी! भर दुपारी आला ना हा, झोकांड्या खात. मांडीले लाल औषध. मले वाटलं पयून आला. पानी ठेवलं, पेला नाई... नुसता पायापाशी बसला. मंग मीच दटावलं — जाय बापा माघारी, तिकडे ते एकटे हायेत. तसा उठला न् गेला."

शेरू त्या दुपारी टेबलावरून हललाही नव्हता. शिवाय अंजनगाव अमरावतीहून कितीतरी कोस लांब!

नामदेव शेरूकडे रागानं पाहत म्हणाला, "मी इतका बोलावून राहिलो होतो... अन् आला तिच्या सांगन्यानं!"

शेरू पुढे बरीच वर्षं जगला. कुत्रीसारखा खाली बसून लघवी करायचा, एवढंच.

विचार करून थकलो, उलगडा काही झाला नाही. पण तेव्हापासून कुठल्याही जनावराला भूल देण्याआधी मी मालकाला विचारतो — "घरी कोणी आहे ना?" "आहे" ऐकलं, की मग भूल देतो.