सहा मिनिटांची खुर्ची

माझा काका गेली एकोणीस वर्षं मरतोय. शनिवारी तीनदा, रविवारी चारदा आणि मधल्या वारी एखाद्या शाळेची सहल आली तर सकाळी अकराला आणखी एकदा. मरून झालं की तो उठतो, खांद्याला बाम चोळतो, चहा पितो आणि पुढच्या मरणाची तयारी करतो.

आमच्याकडे एका बंद पडलेल्या थेटराच्या वरच्या मजल्यावर, फर्निचरच्या गोदामाच्या डोक्यावर, एकशेऐंशी खुर्च्यांचा हॉल आहे. तिथे लहान मुलांसाठी ‘सातव्या ताऱ्याची मोहीम’ नावाचा खेळ चालतो. गोष्ट सोपी आहे. मालकांनी ती एका दुपारी चहा निवायच्या आत लिहिली, आणि खेळ बघताना ते कळतं. पहिल्या अंकात महागुरू आकाशवीराला ज्ञान देतो. दुसऱ्या अंकात आकाशवीर त्या ज्ञानाचा काही एक उपयोग न करता सम्राट काळोखाला बुरुजावरून खाली पाडतो. मधे धूर.

सम्राट काळोख म्हणजे माझा काका.

तो मूळचा लेथवर काम करणारा. कारखाना बंद पडला तेव्हा जे मिळेल ते काम करायचा, त्यातलंच एक म्हणजे हा आठ फुटी बुरूज ठोकून देणं. पहिल्या खेळाच्या दिवशी सम्राटाचं काम करणारा माणूस तापाने आडवा झाला आणि काका हातोडी घेऊन तिथेच उभा होता. मालकांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “कोट होईल तुला.” काकाच्या नाट्यजीवनाची एवढीच प्रस्तावना. रेग्झिनचा काळा कोट झाला, चेहऱ्यावर पिठाच्या चाळणीचा मुखवटा झाला, आणि ताप उतरून तो आधीचा माणूस परत आला तेव्हा मालकांनी त्याला तिकीट फाडायला बसवलं. एकोणीस वर्षं काकाने प्रेक्षक बघितला तो जाळीतून, बारीक बारीक चौकोनांत.

पडायची विद्या त्याने स्वतःच शोधून काढली. “पडायचं नसतं रे,” तो मला सांगायचा, “बसायचं असतं. फक्त वेगात.” बुरुजामागे दोन गाद्या असतात. त्या गाद्यांवर काका आधी मांडी, मग कूस, मग खांदा असा टेकत जातो. पाच वर्षांपूर्वी एका रविवारी चौथ्या खेळाला दोन गाद्यांच्या मधे फट राहिली आणि डावा गुडघा त्या फटीत गेला.

डॉक्टरांनी विचारलं होतं, “कशावरून पडलात?”

“बुरुजावरून.”

“कितव्यांदा?”

काका बोटांवर मोजायला लागला. डॉक्टरांनी तो रकाना रिकामाच सोडला.

तेव्हापासून काका लंगडतो. उजवा पाय टेकतो, डावा घासत येतो. टक्, घस्स. टक्, घस्स. मालकांच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला वाईट वाटलं असतं. आमच्या मालकांना कल्पना सुचली. सम्राटाच्या प्रवेशाला आधी एक ड्रमवाला होता, त्याला त्यांनी नारळ दिला. आता सगळे दिवे जातात, हॉल काळाकुट्ट होतो आणि नुसता तो आवाज येतो. टक्, घस्स. पहिल्या तीन रांगांमधली पोरं एकमेकांच्या मांडीवर चढतात.

आकाशवीर मात्र बदलत असतात. दोन-तीन वर्षं झाली की आकाशवीराला दुसरीकडे काम लागतं. एक टूथपेस्टच्या जाहिरातीत हसतो. एक विमा विकतो आणि काकालाच विकायला आला होता. सध्याचा सातवा. घरात आम्ही त्याला सातवाच म्हणतो. सातही जणांना भाला धरायला काकाने शिकवलं. भाला म्हणजे पडद्याचा रॉड, वर चंदेरी कागद. “माझ्या तोंडाकडे बघून मारू नकोस, हात कचरतो. माझ्या काखेकडे बघ. आणि काही गोंधळ झाला, वाक्य विसरलास, दिवा गेला, तर विचार करत बसू नकोस. मार. बाकीचं मी बघतो.” सातही जण हे ऐकून सुरुवातीला संकोचायचे, आणि महिन्याभरात बेधडक मारायला लागायचे. महागुरूचं काम करणारे आजोबा तोवर विंगेत पेंगत असायचे. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना एका खुर्चीत सहा मिनिटं बसून चार वाक्यं म्हणायची असत. तीन आठवायची, चौथं सातवा आठवून द्यायचा.

यंदा काकाला त्याच डॉक्टरांनी बजावलं. “अजून वर्षभर असेच पडत राहिलात तर हा गुडघा माझ्या हातात राहायचा नाही. आणि तुमचं घर कितव्या मजल्यावर?”

“तिसऱ्या.”

“लिफ्ट?”

काका हसला. डॉक्टर हसले नाहीत.

चोपन्न वर्षांच्या लंगड्या माणसाला, ज्याला लेथ विसरायला झालं आणि पडण्याखेरीज काही येत नाही, कोण कामावर ठेवणार? त्या खेळात न पडणारं मोठ्या माणसाचं काम एकच होतं. आणि नेमके त्याच महिन्यात आजोबा मुलीकडे कायमचे राहायला निघाले.

काका मालकांकडे गेला. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागायला गेला म्हणून शर्टाला इस्त्री करून गेला.

“खुर्ची पाहिजे,” तो म्हणाला.

“बस की.”

“बसायला नाही. म्हणजे बसायलाच. गुरूची.”

मालकांनी डोकं खाजवलं. “आणि तुझ्यासारखं मरणार कोण?”

काकाने त्याचीही सोय करून ठेवली होती. गल्लीतल्या जिममधला एक तरुण त्याने गाठला होता. दंड असे की कोटाची बाही अडकायची. आम्ही त्याला पहिलवान म्हणायचो. पहिलवान पंधरा दिवस पडायला शिकला आणि काका पंधरा दिवस बसायला.

बसणंही सोपं नव्हतं. एकोणीस वर्षं गुरगुरलेला घसा मऊ करायचा होता. काका घरात फिरता फिरता वाक्यं घोकायचा.

“बाळा, ऊर्जा बाहेर शोधू नकोस. ती तुझ्या आतच आहे.”

“मग सिलिंडर आणायला नको जायला,” काकू स्वयंपाकघरातून.

“अगं, सराव करतोय.”

“करा ना. जाता जाता तो डबा वरून काढून द्या. आतल्या ऊर्जेने.”

काकू बोलायची तशी, पण रात्रीची भांडी झाल्यावर गुरूचा पांढरा झगा तीच शिवत होती. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासते. दिवसभर बारीक बघून डोळे दुखतात, तरी दोरा ओवायला मला हाक मारली नाही. झग्याच्या आतून, बसायच्या जागी, तिने स्पंजचा तुकडा टाचला. “लाकडी खुर्ची आहे ती,” एवढंच म्हणाली. काकाचा खेळ तिने एकदाच बघितला होता, पहिल्या वर्षी. पडताना बघून उठून गेली ती परत कधी आली नाही. आता म्हणाली, “बसलेला बघायला येईन.”

शनिवारी पहिल्या खेळाला आम्ही दोघं चौथ्या रांगेत बसलो. काकूने ठेवणीतली साडी नेसली होती आणि शेजारी चिप्स खाणाऱ्या मुलाला ती “आवाज नको करूस हं बाळा, आता माझे हे येणार आहेत” असं सांगत होती.

सातवा गुडघे टेकून बसला. “हे महागुरू,” तो ओरडला, “मला मार्ग दाखवा!” दिवे मंद झाले. निळा धूर सुटला. आणि धुराच्या आतून, गुरू दिसायच्या आधी, गुरूचा आवाज आला.

टक्, घस्स. टक्, घस्स.

खरं सांगतो, पंधरा दिवस तालीम झाली, मालक, सातवा, पहिलवान, मी, सगळे होतो, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. पाच वर्षं ऐकून ऐकून आम्हाला ते ऐकूच येत नव्हतं. आमच्या लेखी तो काकाचा पाय होता. हाच खेळ पुन्हा पुन्हा बघायला येणाऱ्या पोरांच्या लेखी तो सम्राट काळोख होता, आणि तो आत्ता, पहिल्याच अंकात, आकाशवीर बेसावध असताना येत होता.

हॉल एकदम गप्प झाला. धुरातून पांढरा झगा, पांढरी दाढी बाहेर आली. काकाने डाव्या मांडीवर हात ठेवला, “हं” केलं आणि खुर्चीत टेकला. चेहऱ्यावर असं सुख होतं की मला बघवेना. त्याने तोंड उघडलं, “बाळा, ऊर्जा...”

पहिल्या रांगेतली दोन वेण्यांची एक मुलगी खुर्चीवर उभी राहिली. “ए आकाशवीर! तो गुरू नाहीये! त्याने गुरूला मारलं आणि त्याचे कपडे घातलेत!”

मग काय. हॉलभर पोरं उठली. “मागे बघ!” “त्याचा पाय बघ!” “दाढी ओढ त्याची!” शेजारच्या मुलाने चिप्सची पिशवी स्टेजवर भिरकावली. काकू त्याचा हात धरून सांगत होती, “अरे नाही रे, तो गुरूच आहे. मी शिवलाय तो झगा.” तिचं कोण ऐकतंय.

काकाने आणखी दोनदा “बाळा” म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा पोरांनी म्हणू दिलं नाही. स्टेजवर काय बोलणं झालं ते मला नंतर सातव्याने सांगितलं.

“काका, काय करू?”

“मार.”

“अहो, तुम्ही गुरू आहात!”

काकाने हॉलकडे बघितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा जाळीशिवाय. “विचार त्यांना मी कोण आहे,” तो म्हणाला. “मार, बाळा. काखेकडे बघ.”

सातव्याने मारलं. आणि काका पडला. खुर्चीवरून, उघड्या फळ्यांवर. मांडी, कूस, खांदा, सगळं क्रमाने. सवयच ती. स्पंज बसायच्या जागी होता, त्याचा काही उपयोग नव्हता.

पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं. काकू तेवढ्या गोंगाटात मला म्हणाली, “तिथे गादी नव्हती ना?”

“नाही.”

ती उठून जाईल असं वाटलं. नाही गेली.

खेळाला अजून चाळीस मिनिटं होती आणि खलनायक सातव्या मिनिटाला आडवा. वर बुरुजावर पहिलवान चाळण लावून तयार उभा होता, कधी पडायचं ते कुणी सांगेल याची वाट बघत. काका पडल्या पडल्या हे सगळं बघत असणार. कारण मग जमिनीवरूनच हसू आलं. ते जुनं, घशातलं, गुरगुरणारं. पोरं गारठली. काका आधी हातावर, मग उजव्या गुडघ्यावर असा उठला, खोटी दाढी उपटून फेकली आणि टक्, घस्स करत विंगेत गेला. त्या पाठमोऱ्या चालीला जी शांतता होती ती मालकांच्या दिव्यांनी कधी जमली नव्हती.

विंगेत त्याने पहिलवानाला खाली बोलावलं. कोट उतरवून घेतला, झगा त्याच्या अंगात कोंबला. “वेण्यावाली आता विचारणार खरा गुरू कुठाय म्हणून. तू मागच्या पुठ्ठ्याच्या गुहेत बस. दोरीने बांधून घे.”

“काय बोलायचं, काका?”

“काही नाही. बसून राहा.”

मग दुसरा अंक नेहमीसारखा झाला. काका बुरुजावर चढला, पडला. सातव्याने गुहेतून गुरूला सोडवलं. गुरूचे दंड झग्यातून फुटून बाहेर येत होते, पण पोरांना त्यात काही खटकलं नाही. वेण्यावालीने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या.

मालक धावत विंगेत आले ते घामाघूम होऊन, आनंदाने. “सम्राट! हेच ठेवायचं! आधी गुरू म्हणून यायचं, पोरांनी ओळखायचं, मग पडायचं, मग परत बुरूज. अरे, काय गोष्ट झालीये!”

“खालची पडणी माझी,” काका म्हणाला. “वरची ह्याला द्या.”

तेही करून बघितलं. पुढच्या खेळाला बुरुजावर पहिलवान लंगडत चढला. ज्याचं काही दुखत नाही त्याचं लंगडणं, आधी डाव्या पायाने, मग उजव्या. पोरं हसायला लागली. मालकांनी विंगेतून काकाकडे बघितलं. काकाने आधीच कोटासाठी हात पुढे केला होता.

आता शनिवारी सहा मरणं आणि रविवारी आठ. पहिलवानाची गुहा छान आहे, तिथे काकूने शिवलेली उशी आहे, तिला टेकून तो मोबाइल बघतो. मालकांनी काकाला मोठ्या मनाने विचारलं, अजून काय पाहिजे? काकाने खुर्चीपाशी एक गादी मागितली. ती दिसेल म्हणून मालक कुरकुरले, मग वर काळं कापड घालून दिली. डॉक्टरांकडे काका अजून गेलेला नाही. कितव्यांदा असं विचारलं तर काय सांगायचं, म्हणतो.

त्या शनिवारी तिन्ही खेळ आटोपून तो घरी आला तेव्हा तीन मजले चढायला त्याला बराच वेळ लागला. आवाज खालपासून येत होता. काकूने दार उघडून ठेवलं होतं आणि खोबरेल तेल कोमट करत होती. पहिल्या खेळानंतर ती हॉलमधून तडक घरी आली होती, पुढचं तिला माहीत नव्हतं.

“मिळाली का शेवटी खुर्ची?”

“मिळाली की,” काका पाय लांब करत म्हणाला. “दर खेळाला सहा मिनिटं.”

“आणि मग?”

“मग ओळखतात.”

काकूने वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि गुडघा मांडीवर घेतला. “स्पंज कुठल्या कुशीला लावू?” तिने विचारलं.

“डाव्या,” काका म्हणाला आणि तेल लागायच्या आधीच झोपला.