काकूंची चाकांवरची खोली

माझे काका राघवेंद्र तुळजापूरच्या बाहेर फारसे गेलेले नाहीत, आणि याचा त्यांना अभिमान आहे. मला त्या अभिमानाचा राग येतो. माणूस सदुसष्ट वर्षांचा झाला, त्याच्या घरी अर्ध्या महाराष्ट्रातून माणसं येऊन राहून जातात आणि याला सोलापूरच्या पुढची वाट विचारावी लागते, यात मिरवण्यासारखं काय आहे?

आमचं घराणं पुजाऱ्यांचं. आमच्याकडं ठरलेली यजमान घराणी आहेत. ती देवीच्या दर्शनाला आली की आमच्याच घरी उतरतात. त्यांची पूजा काकांनी सांगायची, नैवेद्याचा स्वयंपाक विमलकाकूंनी करायचा. घर सिमेंटचं, तीन मजली, अकरा खोल्यांचं. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, नवरात्र या दिवसांत अकरा खोल्याही पुरत नाहीत. काकांना मुलगा नाही, मुलगी अस्मिता सासरी, आणि मी, त्यांचा पुतण्या, कळंबला शाळेत शिकवतो. म्हणजे काकांच्या जागी उभं राहणारं कुणी नाही.

काकूंचं आणखी वेगळं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून सलग तासाभराच्या वर त्यांना बसवत नाही, आडवं व्हावंच लागतं. कमोड नसेल तिथं जाता येत नाही. त्यांची थोरली बहीण कर्नाटकात, शिरसीला असते. तिची दृष्टी गेलेली, ती इकडं येऊ शकत नाही. दोघी रोज फोनवर बोलायच्या. एकदा काकूंनी फोन ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ताई म्हणते, तुझा आवाज ऐकू येतो ग, पण तुझा हात धरावासा वाटतो." सहा वर्षं भेट नव्हती.

खाटेसकट, संडासासकट एक खोलीच गाडीला जोडून न्यायची ही कल्पना माझी. तासभर चालवायचं, थांबायचं, काकूंनी मागच्या खोलीत अर्धा तास आडवं व्हायचं, की पुन्हा पुढं. असे फिरते घर-ट्रेलर आता आपल्याकडंही बनतात, हे मी काकांना मोबाइलवर दाखवलं. ते हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून तीनदा बघितलं आणि म्हणाले, "आधी बघू, टिकतं का ते."

आता काकांबद्दल एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चाळीस वर्षं पाहुण्यांचं घर चालवल्यामुळं कुठली वस्तू कधी आणि कशी मोडते, हे त्या माणसाला जेवढं कळतं तेवढं एखाद्या इंजिनिअरला कळत नसेल. पुण्याला आम्ही पहिली कंपनी बघायला गेलो. तिथला विक्रेता टीव्ही दाखवत होता, गादी दाबून दाखवत होता. काकांनी तांब्याभर पाणी मोरीत ओतलं, ते पुरतं जाईपर्यंत थांबले आणि नाक खाली नेऊन वास घेतला. मग खिशातून जपमाळ काढली. एका हातात माळ, दुसऱ्या हातात दाराची कडी. दार उघडायचं, लावायचं, एक मणी ओढायचा. एकशे आठ वेळा! विक्रेत्याला वाटलं म्हातारा पूजा करतोय, तो बिचारा हात जोडून उभा राहिला. एकसष्टाव्या मण्याला बिजागरी सैल झाली. "चला," काका म्हणाले.

दुसरी कंपनी दारात पास झाली. मग काकांनी छतावर अर्धा तास बादल्यांनी पाणी ओतायला लावलं आणि आत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली. कागद कोरडे राहिले. मी म्हटलं, झालं. काका म्हणाले, "वस्तू बघितली. आता माणसं बघायची." घरी आल्यावर त्यांनी मंगळवारी भर दुपारी, स्वतःच्या घरात पन्नास पानं उठत असताना, त्या कंपनीच्या तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. "माझा पाण्याचा पंप बंद पडलाय," असं ठोकून दिलं. वीस मिनिटं गाणं वाजलं. शेवटी एक मुलगी आली आणि म्हणाली, गाडी पुण्याला आणा. "गर्दीच्या वेळी जो फोन उचलत नाही, त्याच्याकडं उतरू नये," काका म्हणाले. शिवाय त्यांनी आपल्या यजमानांतून लातूरचे एक निवृत्त डॉक्टर शोधून काढले, ज्यांनी त्याच कंपनीचा ट्रेलर तीन वर्षांपूर्वी घेतला होता. कंपनीनं दिलेल्या गिऱ्हाइकांचे नंबर काकांनी घेतलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, आता त्यात कोंबड्या आहेत.

मला हे सगळं बघून काकांचं कौतुक वाटायला लागलं होतं, हे खोटं कशाला सांगू?

तिसरा कारखाना सोलापूरच्या एमआयडीसीत, कृष्णराज नावाच्या चाळिशीच्या माणसाचा. काकांनी पाणी ओतून वास घेतला. छतासाठी बादली भरून ठेवायला सांगितली. माळ काढली आणि दाराशी उभे राहिले. सत्तावीस मणी झाले असतील, तेवढ्यात कृष्णराज स्वतः आला.

"काका, तुमी तुळजापूरचे म्हणं? आमचे पुजारीबी तिथलेच. मूळचे आमी परंड्याकडचे."

काकांचा हात कडीवरच थांबला. गाव विचारलं, आडनाव विचारलं, पणजोबांचं नाव विचारलं. हिंमतराव, असं कृष्णराजनं सांगताच काकांनी घरी फोन लावला आणि काकूंना कपाटातली जुनी वही काढायला लावली. आमच्या घरी अशा सतरा वह्या आहेत. यजमान आला की जाण्याआधी त्यानं स्वतःच्या हातानं आपलं नाव, बायकामुलं, गाव, तिथी आणि वाटलं तर दोन ओळी लिहायच्या, ही रीत. पुढच्या पिढीतलं कुणी आलं की त्याला त्याच्या पूर्वजाचं अक्षर दाखवायचं. ते बघून भले भले रडतात.

काकांनी फोन स्पीकरवर ठेवला. काकू वाचत होत्या. "हिंमतराव. शके अठराशे अठ्ठावन्न, भाद्रपद. पाऊस फार. खोल्या भरल्या. घरातल्या बाईंनी आपली खोली दिली. स्वतः सोप्यात बसून राहिल्या."

कृष्णराजचे डोळे भरून आले. त्यानं वाकून काकांचे पाय धरले. काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. माझं लक्ष फोनकडं होतं.  काकूंनी विचारलं, "श्रेयस, दार किती वेळा झालं?"

"सत्तावीस," मी म्हटलं.

"पुढचं?"

पुढचं काही झालं नाही. काकांनी माळ खिशात घातली. भरलेली बादली कुणीतरी फाटकाजवळच्या लिंबाला ओतली. परतताना मी गाडीत म्हटलं, काका, निदान छत तरी बघायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात चप्पल घालून शिरलो होतो. "पाच पिढ्यांचा यजमान आहे. त्याच्यासमोर माळ घेऊन दार आपटत बसू?" मी गप्प बसलो. आजही मला त्या गप्प बसण्याचं वाईट वाटतं.

ट्रेलर वैशाखात आला. पांढरा शुभ्र, आत खाट, कमोड, छोटा ओटा. काकूंनी खिडकीला निळे पडदे स्वतः शिवले, उशाशी बहिणीचा फोटो लावला. ज्येष्ठात निघायचं ठरलं. आधी एकदा चाचणी म्हणून मी त्यांना नळदुर्गापर्यंत नेऊन आणलं. तेवढ्या अंतरात संडासाच्या टाकीची झडप गळायला लागली. परतताना वळवाची सर आली आणि खाटेच्या बरोबर वर छतातून धार लागली. फोटो भिजला. काकूंनी तो पदरानं पुसला आणि शिरसीला फोन करून सांगितलं, "ताई, थोडं थांब."

काकांनी कृष्णराजला फोन केला. "काका, आठ दिवसांत माणूस धाडतो," तो म्हणाला. आषाढ गेला. श्रावण गेला. काका फोन करायचे, पण तक्रारीवर येईपर्यंत त्यांचं घोडं पेंड खायचं. आधी मुलाबाळांची चौकशी, मग आशीर्वाद, मग नवरात्राला कधी येताय, आणि मग फोन ठेवायचे. मी म्हटलं, ग्राहक मंचात जाऊ. "यजमानाला नोटीस?" त्यांनी कानांवर हात ठेवले. दुसऱ्या कुणाला झडपेला हात लावू द्यायलाही ते तयार नव्हते, कारण कृष्णराजला वाईट वाटलं असतं. ज्या माणसानं दोन कंपन्यांना घाम फोडला होता, तो तिसऱ्यापुढं स्वतःच्या सज्जनपणानं बांधला गेला होता. आणि त्याच दोरानं काकू.

ट्रेलर घरासमोर उभा राहिला. आधी यजमानांची मुलं त्याच्यापुढं फोटो काढायची. मग गर्दीच्या दिवशी कुणाच्या तरी बॅगा आत ठेवल्या गेल्या. मग एका शुक्रवारी दोन माणसं आत झोपली. गौरींच्या सुमाराला मी गेलो तर काका पाहुण्यांना सांगत होते, "अकरा भरल्या, पण बारावी आहे." मी काकूंकडं बघितलं. त्या पोळ्या लाटत होत्या, ओट्याला कंबर टेकून.

नवरात्रात सातव्या माळेला कृष्णराज आला. सोबत बायको शिवांजली आणि दोन मुली. घरात चाळीस माणसं होती, मीही मदतीला आलो होतो. काका कुणाला कुठल्या खोलीतून हलवावं या विचारात पडले, तोच काकू म्हणाल्या, "गाडी मोकळी आहे की. त्यांनीच बनवलेली आहे." काकांनी डोळ्यांनी नको नको केलं. काकूंनी तिकडं बघितलंच नाही.

जेवून ते चौघं आत जाऊन पडले आणि तीनच्या सुमाराला परतीचा पाऊस कोसळला. पाचव्या मिनिटाला कृष्णराज मुलीला कडेवर घेऊन धावत सोप्यात आला. शर्ट भिजलेला. त्याला बघून काकाच शरमले. गुन्हा जणू त्यांचाच होता.

"असू द्या, असू द्या," काका म्हणाले. "तुम्ही आमच्या खोलीत चला. विमल, खाट मोकळी कर."

काकू कपाटाकडं गेल्या. चादरी काढायला गेल्या असं मला वाटलं. त्या वह्या घेऊन आल्या. दोन्ही वह्या, हिंमतरावांची आणि चालू. कृष्णराजला बसायला सांगून त्यांनी त्याच्या हातात पेन दिलं.

"जाताना लिहितात, पण तुम्ही आत्ताच लिहा," त्या म्हणाल्या.

त्यानं नाव लिहिलं, बायकोचं, मुलींची, गाव, तिथी.

"आता पणजोबांनी लिहिलं तसं पुढचं. मी सांगते. पाऊस फार. खोल्या भरल्या. घरातल्या बाईंनी आपली खोली दिली."

कृष्णराजनं 'पाऊस फार' लिहिलं आणि पेन थांबलं. शिवांजलीनं हळूच विचारलं, "काकू, तुमची खोली कंची?"

"ह्यांनी आत्ता दिली ती एक. आणि तुम्ही भिजलात ती दुसरी." काकूंचा आवाज चढलेला नव्हता. "त्या गाडीतून मी माझ्या बहिणीला भेटायला जाणार होते. तिला दिसत नाही. मला बसवत नाही. चार महिने आम्ही दोघी तुमच्या माणसाची वाट बघतोय."

"विमल!" काका ओरडले.

"लिहा," काकू म्हणाल्या. "तुमच्या नातवानं वाचलं पाहिजे."

कृष्णराजनं लिहिलं. सगळं लिहिलं, एक शब्द न गाळता. लिहून झाल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, "काकू, उद्याच गाडी नेतो. दुरुस्त करून धाडतो."

"धाडू नका. मी येते सोबत. तासाचा रस्ता आहे, तेवढं मला बसवतं. दुरुस्त होईस्तोवर तुमच्याकडं उतरते. कमोड आहे ना घरी?"

"आहे," शिवांजली म्हणाली. "माझ्या खोलीतच आहे. या तुम्ही."

काका पुढं सरसावले. "अगं, आठवी माळ उद्या! घरात चाळीस माणूस आहे! स्वयंपाक कोण बघणार?"

"तुमचे यजमान आहेत. तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कृष्णराजच्या गाडीत पुढं बसून गेल्या, मागं ट्रेलर. जाताना त्यांनी काकांच्या सदऱ्याच्या खिशातून जपमाळ काढून घेतली. इकडं मी आणि काका चाळीस माणसांचा भात करपवत होतो. तिकडं दसऱ्यामुळं कामगार सुट्टीवर, म्हणून कृष्णराज स्वतः छतावर चढलेला, आणि काकू रोज सकाळी त्याच्या बायकोच्या खाटेवरून विचारायच्या, आज काय झालं? शिवांजलीही विचारायची. त्याची सुटका नव्हती.

पाचव्या दिवशी काकूंचा फोन आला. काकांनी स्पीकरवर ठेवला.

"दार एकशे आठ झालं. मीच केलं, मध्ये चार वेळा आडवं होऊन. छतावर पाऊण तास पाणी ओतलं, कागद कोरडे. टाकी भरून बघितली. श्रेयसला गाडी घेऊन इकडंच पाठवा. मी घरी येत नाही, इथूनच शिरसीला जाते." मग म्हणाल्या, "तुम्ही येता?"

काका फोन हातात धरून उभे होते. कोजागरीची गर्दी चढत होती. जिन्यावर चपला, अंगणात पिशव्या, कुणीतरी त्यांना हाका मारत होतं. त्यांना जावंसं वाटतंय हे तोंडावर इतकं दिसत होतं, की मला बघवेना.

"पौर्णिमा झाली की येतो," ते म्हणाले.

"पौर्णिमा दर महिन्याला असते," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी शाळेला रजेचा अर्ज पाठवला आणि निघालो. फाटकाबाहेर गाडी वळवताना मागं बघितलं. काका दारात उभे राहून लातूरच्या एका कुटुंबाला काकूंच्या खोलीची किल्ली देत होते.