टाळी न वाजवलेले दोन दिवस

बाळांनो,

रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मोठीचा आवाज रडवेला होता. येत्या सोमवारपासून तिची पहिली नोकरी सुरू होते आहे आणि तीन दिवस तिच्या पोटात अन्न ठरत नाही. मी नेहमीसारखं सगळं सांगितलं. कपडे आदल्या दिवशी काढून ठेव, रस्ता एकदा पाहून ये, वेळेवर झोप. त्यावर ती म्हणाली, "आजी, तुला नाही कळणार. तू कधी कशाला घाबरली आहेस?" मागून धाकटा हसला. तेवढ्यात तुमच्या बाबांनी फोन घेतला.

उत्तर द्यायचं राहिलं, ते आता देते आहे. सोमवारच्या आत पोचावं म्हणून टाइप करून पाठवते आहे. धाकट्याला देवनागरी वाचायला वेळ लागतो, तेव्हा मोठीने त्याला वाचून दाखवावं. मोठ्याने.

मी आठवड्यातून चार दिवस कर्वेनगरला रेकॉर्डिंगला जाते, एवढं तुम्हाला माहीत आहे. ते सुरू कसं झालं, हे मी तुमच्या बाबांनाही नीट सांगितलेलं नाही.

आजोबा गेल्यानंतरचं पहिलं वर्ष येणाऱ्या-जाणाऱ्यांत गेलं. दुसऱ्या वर्षी माणसं आपापल्या कामाला लागली, ते योग्यच होतं. एका दुपारी बाराच्या सुमारास कुरिअरवाला आला. "मॅडम, पूर्ण नाव सांगा." मी तोंड उघडलं, तर आवाजच फुटेना. घोगरं काहीतरी निघालं. तो म्हणाला, "घसा बसलाय वाटतं. गरम पाणी घ्या." घसा बसला नव्हता. आदल्या संध्याकाळी सहाला मी वॉचमनला पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं होतं. त्यानंतर अठरा तास मी एकही शब्द बोलले नव्हते आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

तुमच्या बाबांचा आग्रह होता की धायरीचा फ्लॅट बंद करून मी तिकडे यावं. त्याचं चुकत नव्हतं. पण तिकडेही सकाळी आठ ते संध्याकाळी सहा तुम्ही सगळे बाहेर. एकटीच राहायचं, तर निदान दिव्यांची बटणं तरी ओळखीची असावीत, असं मला वाटे. मी त्याला म्हटलं, "मला एक महिना दे. मी काहीतरी काम बघते. नाही जमलं, तर तिकीट काढ. मी निमूट येईन."

तो म्हणाला, "आई, अगं सदुसष्टाव्या वर्षी तुला कोण नोकरी देणार?"

मला राग आला. नोकरी बघायला तेवढा राग पुरला.

आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर एक कागद होता. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करणाऱ्या एका छोट्या केंद्राला वाचक हवे होते. चार दिवस काम, थोडं मानधन, आवाजाची चाचणी. केंद्र चालवणारे सर निवृत्त प्राध्यापक होते, जन्मापासून अंध. त्यांनी मला अर्धं पान वाचायला लावलं. आजूबाजूला बघत, जरा बावरून मी वाचलं.

"इंग्रजी शाळेत शिकलात?" त्यांनी विचारलं.

"हो. कशावरून ओळखलंत?"

"मराठीला इस्त्री करून वाचता. असू दे. चुरगळेल हळूहळू."

एवढ्यावर मला नोकरी मिळाली. कायम नव्हे, चार आठवडे बघू म्हणाले. त्यांचे चार आठवडे आणि तुमच्या बाबांचा एक महिना एकाच दिवशी संपत होता.

पहिल्या दिवशी मी पाचला उठले. पिशवीत काय न्यायचं त्याची यादी केली होती: दोन चष्मे, रुमाल, पाण्याची बाटली, पेन्सिल, खडीसाखर. यादीप्रमाणे भरून झाल्यावर सगळं बाहेर काढलं आणि पुन्हा भरलं. पोळी तव्यावरून ताटात आली आणि ताटातून डब्यात गेली. नुसता चहा घेऊन निघाले. रिक्षा राजाराम पुलावर आली तेव्हा हात इतके गार पडले होते की मी ते पदराखाली घेतले. पोचले चाळीस मिनिटं आधी. आत जायचा धीर होईना, म्हणून त्या गल्लीत फेऱ्या मारू लागले. तिसऱ्या फेरीला तळमजल्याच्या बाल्कनीतून एका बाईंनी विचारलं,

"कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडे नाही."

"मग फिरायला टेकडी आहे की."

मी आत गेले.

वाचायची खोली म्हणजे जेमतेम न्हाणीघराएवढी जागा. भिंतींना गाद्या आणि गोधड्या ठोकलेल्या. आवाज नको म्हणून पंखा बंद. दार लावलं की बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. माझं घर शांत होतं, पण तिथे फ्रिज तरी घरघरायचा. इथे मला माझाच श्वास ऐकू येत होता.

तिथली कामाची पद्धत सरांनी सांगितली होती. वाचताना चूक झाली की थांबायचं नाही, उठायचं नाही, यंत्राला हात लावायचा नाही. एक जोरात टाळी वाजवायची आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं. बाहेर कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते. टाळीच्या जागी तिला उंच सुळका येतो. नंतर जोडकाम करणारी मुलगी सुळक्यापाशी थेट जाते, चुकलेलं कापते आणि पुढे जाते. पद्धत अगदी सोपी होती.

आता माझी पद्धत सांगते. तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं. प्रत्येक वहीच्या शेवटी मी लाल शाईने चुकांची संख्या लिहीत असे आणि तिच्याभोवती गोल काढत असे. मुलं वही उघडली की आधी तो गोल बघत. माझ्यासमोर त्या दिवशी भूगोलाचं पुस्तक होतं, पहिलाच धडा खडकांचा. चौथ्या ओळीत 'अपक्षरण' शब्दावर माझी जीभ अडखळली. टाळीसाठी हात वर गेले आणि मला तो लाल गोल दिसला. प्रत्येक टाळी रेघेवर उमटणार. दिवस संपला की ती मुलगी सरांना आकडा सांगणार. आणि त्या आकड्यावर माझं तिकीट ठरणार.

मी हात खाली घेतले. क्षणभर थांबले आणि वाक्य पुन्हा वाचलं, जणू काही झालंच नाही. पुढच्या पानावर परत चूक, परत तेच. दुसऱ्या दिवशी तर मी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसले. दोन दिवसांत सबंध धडा झाला आणि टाळी एकही वाजली नाही. रिक्षात मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी ती जोडकाम करणारी मुलगी माझी वाटच बघत होती. यवतमाळकडची, चोवीस-पंचवीस वर्षांची, इथे तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. बाकी सगळे मला मॅडम म्हणत, ती पहिल्या दिवसापासून आजी म्हणायची. तिचे डोळे लाल झाले होते.

"आजी, रागावू नका, पण टाळी काहून नाही वाजवली जी?"

मी म्हटलं, "चुका फारशा झाल्या नाहीत."

"अवो, फारशा नाही कशा? एकेक वाक्य दोन-दोनदा आहे. कुठं आहे ते दिसतच नाही, म्हणून मी पहिल्यापासून सगळं ऐकून राहिली. कालपासून हेच करून राहिली मी. सोमवारी पेपर आहे एका पोरीचा, तिला हा धडा काल पाठवायचा होता." मग ती जरा हसली. "अन् तुमचं पोट! धडा खडकांचा अन् आवाज ढगांचा. सकाळी खाऊन नाही येत का तुम्ही?"

मी मान खाली घातली. तीस वर्षं मी दुसऱ्यांना मान खाली घालायला लावली होती. त्यामुळे ती कशी घालतात हे मला चांगलं माहीत होतं.

"अजून एक विचारू?" ती म्हणाली. "आतमध्ये तुमच्यासंगं कोणी होतं का?"

"नाही. कोण असणार?"

तिने हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. माझाच आवाज, इस्त्री केलेला. अपक्षरण, अडखळणं, थोडी शांतता. आणि मग हळू आवाजात, अगदी जवळ, "अहो, हसू नका."

ती म्हणाली, "असं पाच-सहा जागी आहे."

मला ते बोलल्याचं आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण कोणाला बोलले ते लगेच कळलं. रोज सकाळी आजोबा दाढी करायचे आणि मी त्यांना पेपर वाचून दाखवायची. इंग्रजी पेपर सुरळीत जाई. मराठी पेपरात मी एखाद्या जोडाक्षराला अडले की ते आरशात हसायचे, आणि मी म्हणायची, "अहो, हसू नका." बेचाळीस वर्षं हे चाललं. त्या खोलीत दार लावून मी चुका साऱ्या जगापासून लपवत होते, आणि त्याच वेळी एका माणसाला मात्र त्या ऐकू गेल्या असं धरून चालले होते.

हेडफोन काढून मी त्या मुलीला सांगितलं, "आमचे हे. ते नाहीत आता." तिने माझ्यापुढे तिचा डबा सरकवला. त्यात पोहे होते.

पोहे तसेच ठेवून मी सरांकडे गेले. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"मी उद्यापासून येत नाही," मी म्हटलं. "तुमचे दोन दिवस वाया घालवले. त्या विद्यार्थिनीचेही."

"बसा. तुम्ही शिक्षिका ना? मुलं चुका खोडून, वही गुळगुळीत करून द्यायची, तेव्हा काय करायचात?"

"रागवायचे."

"मग मी रागावलो असं धरा, वेळ वाचेल. आता तुम्ही येणार नाही म्हणता, तर धडा पुन्हा कोण वाचणार? मी?"

मी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"बाई, इथे चुका कोणी मोजत नाही. आम्ही त्या फक्त शोधतो. मोजायला माणसं कुठे आहेत आमच्याकडे? शोधायला आवाज लागतो, तेवढा करा. नाहीतर माझ्यासारख्याने काय बघून शोधायचं?"

बाहेर येऊन मी आधी पोहे खाल्ले. मग आत गेले, दार लावलं आणि धडा पहिल्यापासून सुरू केला. यावेळी 'अपक्षरण' नीट गेलं, पण त्याच्या पुढचाच शब्द चुकला. मी टाळी वाजवली. दार उघडून ती मुलगी आत डोकावली.

"आजी, फुलका झटकून राहिले का? दिसलीच नाही रेघेवर. जोरात!"

पुढची टाळी मी इतकी जोरात वाजवली की तळवे झिणझिणले. आणि मग वाजवत गेले. किती, ते मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर चुका झाल्या आणि मी त्यांची संख्या सांगू शकत नाही. दुपारी अडीचला धडा संपला. चारपर्यंत तिने तो जोडला आणि त्या विद्यार्थिनीला पाठवला. पेपर कसा गेला ते आम्हाला कळलं नाही. ते कधीच कळत नाही.

चार आठवडे झाल्यावर सरांनी दुसरं पुस्तक टेबलावर ठेवलं, एवढंच. त्या रात्री तुमच्या बाबांना मी सांगितलं, तिकीट नको.

मोठी, तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहीत नाही. भीती गेली नाही. नवं पुस्तक उघडलं की हात अजून गार पडतात. मी अजून चाळीस मिनिटं आधी पोचते आणि गल्लीत फेऱ्या मारते. बाल्कनीतल्या बाई आता फक्त "आलात?" म्हणतात, मी "आले" म्हणते. संध्याकाळी कुलूप काढून घरात शिरते तेव्हा घर तसंच असतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्याला "कर्वेनगर" म्हणेपर्यंत बहुतेक वेळा मी बोललेली नसते. पण आवाज फुटतो. तू सोमवारी पोटात काहीतरी घालून जा, निदान अर्धी पोळी. आणि चुकलीस तर ते कोणाला तरी ऐकू जाऊ दे. मी ते दोन दिवस उशिरा केलं.

ती मुलगी गेल्या वर्षी नोकरी बदलून नागपूरला गेली. तिच्या जागी आलेली मला मॅडम म्हणते. नागपूरला जायच्या दिवशी त्या मुलीने एक पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. "डिलीट करायचं होतं, पण मन नाही झालं जी," एवढंच म्हणाली.

तो माझ्या कपाटाच्या वरच्या खणात, चष्म्याच्या जुन्या डबीत आहे. त्यात टाळ्या नसलेला खडकांचा धडा आहे, माझ्या पोटाच्या आवाजासकट आणि "अहो, हसू नका" या वाक्यासकट. मी तो परत ऐकलेला नाही. तो आहे.

आजी