देवगडचा मामा आणि क्रीकांची काठी

देवगडच्या गुरुप्रसादला कुणी काम सांगितलं की तो आधी "होतला", म्हणजे होईल, म्हणायचा आणि नीट विचारायचं राहूनच जायचं. स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार!

आखातात लुसैलच्या स्टेडियमवर परांच्या बांधणाऱ्या टोळीचा तो फोरमन. वर्ल्ड कप तोंडावर आला होता, स्टेडियम उभं राहिलं होतं, परांच्या उतरल्या होत्या आणि पुढच्या महिन्यात कंपनी त्यालाही घरी पाठवणार होती. जायचं त्याला काही वाटत नव्हतं. जीव अडकला होता तो भाचीत. बहीण पूर्णिमा तिथेच जवळ अल दुहैलला राहायची. दर शुक्रवारी हा तिच्याकडे जेवायला जायचा. बारा वर्षांची नुपूर "हाय मामा" म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. आपण गेल्यावर या पोरीला आपलं काय आठवणार? डोंबल! हे त्याला मनातून फार लागलं होतं.

अशात नुपूरचा फोन आला. वर्ल्ड कपच्या निमित्ताने शाळेत 'जगातले चेंडूचे खेळ' असा कार्यक्रम होता आणि तिच्या वाट्याला अमेरिकेतले मूळ रहिवासी क्रीक लोक आले होते. "मामा, मला एक स्टिक हवी. टोकाला जाळीची झोळी. त्यात बॉल अडकला पाहिजे. गुरुवारपर्यंत. प्लीज!"

भाचीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. गडी असा खूश झाला की विचारू नका. "होतला!" म्हणून त्याने फोन ठेवला.

आता तुम्हीच सांगा, देवगडच्या माणसाला काठी, टोकाला जाळी आणि त्यात अडकणारी गोल वस्तू म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? त्याने नर्सरीतून लांबलचक बांबू आणला, तारेचं कडं वळवलं, नायलॉनची जाळी विणली आणि देठ कापायला वर झकास पातंसुद्धा बसवलं. आंबे उतरवायचा झेला! तो टॅक्सीच्या खिडकीतून अर्धा बाहेर काढून स्वारी गुरुवारी दुपारी अल दुहैलला हजर.

पूर्णिमा हसून हसून सोफ्यावर कोसळली. नुपूर मात्र रडकुंडीला आली. "मामा, व्हॉट इज दिस? ते आंबे नाही काढत! दोन हातांत दोन छोट्या काठ्या घेऊन पळतात! तुला काही विचारायलाच नको होतं!" आणि दार धाडकन बंद.

गुरुप्रसादचा चेहरा पार उतरला. एक काम सांगितलं पोरीने, तेही आपण मातीत घातलं. पण हातपाय गाळून बसणाऱ्यातला तो नव्हे. स्वयंपाकघरात फतकल मारून त्याने पातं काढलं, बांबू कापला, जाळी उसवली आणि एका मोठ्या झोळीच्या दोन लहान झोळ्या विणायला घेतल्या. जरा वेळाने दार उघडलं. नुपूर येऊन समोर बसली. तिने दोरीचं टोक धरलं. विणता विणता तीच सांगू लागली. दोन गावांत हा खेळ व्हायचा आणि त्याला ते लढाईचा धाकटा भाऊ म्हणायचे. नवा मका आला की चुली विझवून नवा विस्तव करायचे आणि वर्षभराचे रुसवेफुगवे सोडून द्यायचे.

"शाणे होते," गुरुप्रसाद म्हणाला.

"सॉरी, मामा," नुपूर पुटपुटली.

कार्यक्रमात काठ्या छान चालल्या, चेंडू झोळीत बरोबर बसला. मग वर्गशिक्षिकेने विचारलं, "आता नुपूरच्या घरातले मोठे कोण? त्यांनी स्टेजवर यावं." नुपूरचे बाबा कोट सावरत उठले.

"बाबा, तुम्ही नाही," नुपूर माईकवर म्हणाली. "क्रीक लोकांत मूल आईच्या कुळाचं. त्याला शिकवायचं, रागवायचं काम आईच्या भावाचं. मामा, वर ये ना!"

बाबा मोठ्याने हसले. "जा रे, आज मान तुझा!" म्हणत त्यांनी मेहुण्याला पुढे ढकललं. मागच्या रांगेत साइटच्या बुटांत बसलेला गुरुप्रसाद घामाघूम होऊन स्टेजवरच्या खुर्चीत टेकला.

"आता मामांनी भाचीला रागावून दाखवायचं," बाई म्हणाल्या.

झाली का पंचाईत! जन्मात त्याने या पोरीवर आवाज चढवला नव्हता. सगळा हॉल बघतोय. शेवटी तो ओरडला, "सकाळपासून काय एक खावक नाय हां ही! पयलां जेव गो बाय!"

सभागृहातले मराठी आईबाप आडवे व्हायचे तेवढे राहिले. नुपूरही हसली आणि हसता हसता तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मामा, तू गेल्यावर मला कोण रागवणार?"

गुरुप्रसाद तिच्याकडे बघतच राहिला. म्हणजे पोरीला आपलं जाणं ठाऊक होतं तर!

"फोन करीन," तो म्हणाला. "रोज रागवीन."

"आणि विसरलास तर?"

"तर तू माका रागव."