जात्यापुढचं ऊन

वेल्ह्याकडच्या डोंगरात तेव्हा अशी थंडी पडायची, की चुलीतला विस्तवसुद्धा घोंगडी मागायचा. थाप वाटत असेल तर वाटू द्या. मी भोरच्या बाजारात शिंकलो की भाटघरच्या धरणात लाट उठायची, असं सांगणारा माणूस मी. ऐकून घेणारी एकच होती, माझी बायको, उत्रोलीची.

तिनं माहेराहून एक जातं आणलं होतं. ते घाटवाटेनं आणायला सोळा बैल लागले, असं मी चारचौघांत सांगायचो. ती आतून ओरडायची, "एकच बैल व्हता, अन् त्यो बी ह्योच!"

जात्याबरोबर एक रीतही आली. आमचं दार पूर्वेला. दिवाळी सरली की सूर्य डोंगरावरनं रोज थोडा दक्षिणेला उगवायचा, आणि दारातून आत येणारी उन्हाची पट्टी मागच्या कुडाच्या भिंतीकडेनं तितकीच उत्तरेला सरकायची. दिवस अगदी आखूड झाला की ती जात्यावर यायची, काही दिवस तिथंच रेंगाळायची, मग माघारी फिरायची. गाव संक्रांतीची वाट बघायचं. आमचा सण त्याआधीच, जात्यापाशी. त्या सकाळी दळण बंद. नाचणीच्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवून ती जात्यावर मांडायची आणि सूर्याला म्हणायची, "लई दमलास रं बाबा. खा, अन् फीर माघारी." मग तळवे उन्हात धरायची आणि तापले की माझ्या तोंडावरून फिरवायची. मंत्र नाही, भट नाही. एवढंच.

त्या वर्षी ती तापानं अंथरुणाला खिळली. निवाऱ्याला म्हणून जात्यापलीकडच्या कोपऱ्यात तिला निजवलं होतं. अंगात हाडं तेवढी उरली होती, पण डोळे कुडावर. ऊन रोज पुढं येत होतं.

"त्यो माज्यापातुर आला अन् मला शिवला, की म्या उठते बगा," ती म्हणाली.

ऊन जात्यावर आलं आणि थांबलं. तिच्या अंथरुणाला हातभर कमी.

"चल, उचलून उन्हात ठेवतो," मी म्हणालो.

"न्हाई. आपण त्याच्या वाटंत जाऊन पडायचं न्हाई. त्यानं आपल्या पायानं यायचं."

दोन सकाळी असंच झालं. पुढं सूर्य फिरला असता. ती झोपलेली बघून मी कोयता घेतला आणि दाराच्या उत्तरेकडचा कूड फोडला. कारवीच्या काटक्या, शेणमाती, सगळं ओरबाडून काढलं. शेजारची म्हातारी धावत आली. "आरं मुडद्या, ऐन थंडीत घर उघडं पाडतूस? येड लागलं का काय?"

दुसऱ्या सकाळी सूर्य वर आला. पट्टी रुंदावली, जातं ओलांडून तिच्या अंथरुणावर चढली.

तिनं डोळे उघडले. उन्हाकडं बघितलं, भगदाडाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्यो आला, का तुमी आणला?"

"मला कशाला पुसतीस? काल डोंगराआडनं हाक मारली त्यानं. म्हणला, वाट जरा रुंद कर, माझं अंग मावंना."

ती हसली. सोळा बैलांच्या वेळी हसायची तशीच. तळवे उन्हात धरले, बराच वेळ धरले. मग माझ्या तोंडावरून फिरवले.

गार होते.

"कसं ऊन हाय?" तिनं विचारलं.

"भाजलं की गं!" मी म्हणालो.

ऊन माघारी फिरलं. अंथरुणावरून उतरलं, जात्यावर आलं, जात्यावरूनही सरकलं. संक्रांतीचे तीळ गावात भाजायला लागले तेव्हा कोपरा रिकामा होता.

तो कूड मी पुन्हा लिंपला नाही. पावसाळ्यात भगदाडाला काटक्या-पेंढ्याचा झापा लावतो, दिवाळी झाली की काढतो. कुणी विचारलंच तर सांगतो, तिथून वाघ शिरला होता, शेपटीला धरून बाहेर काढला. आता आतून कुणी ओरडत नाही.

दिवस आखूड झाला की माझी वेडीवाकडी भाकरी जात्यावर ठेवतो. ऊन येतं, भाकरी ओलांडून कोपऱ्यात जातं. मी तळवे धरतो. चांगले तापतात. तापलेले हात घेऊन मग बसून राहतो, ते निवेपर्यंत.